लग्नाची सजावट आणि तिचा दुसरा दिवस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात घरोघरीच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. या वेळच्या बहुतेक पत्रांत सजावटीविषयी विचारणा आहे आणि त्यांमागची काळजी एकच आहे : चार तासांच्या सोहळ्यासाठी आणलेली फुले, कापड, तारा आणि थर्मोकोल दुसऱ्या दिवशी सकाळी जातात कुठे? माझा सल्लाही तिथूनच सुरू होतो. सजावटीची यादी करताना प्रत्येक वस्तूसमोर ती दुसऱ्या दिवशी कुठे जाणार ते लिहावे, आणि जिच्यासमोर काहीच लिहिता येत नाही ती वस्तू मागवू नये. पुढील सर्व उत्तरे याच कसोटीला धरून दिली आहेत.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न जानेवारीत एका देवस्थानच्या सभागृहात आहे. सजावटकाराने दिलेल्या अंदाजपत्रकात ‘फोम’ हा शब्द अनेकदा आला आहे. त्याशिवाय फुले उभी राहत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. हे खरे आहे का? (एक वाचक भगिनी, फोंडा)

उत्तर : हे खरे नाही, मात्र ते असे का म्हणतात हे समजून घ्यायला हवे, कारण फोममुळे त्यांचे काम फार सोपे होते. विटेच्या आकाराचा तो हिरवा ठोकळा पाण्यात बुडवला की भरपूर पाणी धरून ठेवतो आणि त्यात देठ खुपसले की फूल हव्या त्या कोनात उभे राहते. 1954 साली अमेरिकेत हा पदार्थ फुलांच्या व्यवसायासाठी बाजारात आला आणि पुढे जगभर पसरला. तो फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बनवलेला प्लास्टिकचाच एक प्रकार आहे. तो मातीत कुजत नाही, केवळ चुरगळून बारीक होत जातो. ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी दाखवून दिले की त्याचे सूक्ष्म कण पाण्यातील लहान जीव गिळतात, आणि त्यातून पाण्यात उतरणारी रसायनेही त्या जीवांना अपायकारक ठरतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या पुष्पप्रदर्शनांत या फोमला मनाई केली आहे. फुलांवर ज्यांचे सारे आयुष्य चालते ती माणसे त्याच्यावाचून प्रदर्शने भरवू शकतात, तर आपल्याला एक मांडव सजवणे अवघड जाऊ नये.

या फोमविषयी मी इतक्या आग्रहाने लिहिते त्यामागे एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातील एका लग्नानंतर, पाठवणी झाल्यावर मी सभागृहाच्या मागच्या बाजूला गेले होते. ज्या बादल्यांत ते ठोकळे भिजवले होते त्या कामगारांनी नेहमीच्या सवयीने गटारात ओतल्या. गटाराचे पाणी पलीकडच्या पाटात जात होते आणि पाट शेतात. पाण्यावर हिरव्या चुऱ्याची साय धरली होती. बोटाने उचलून पाहिली तर ती पिठासारखी मऊ लागली आणि बोटाला चिकटून राहिली. त्या सजावटीचे पैसे आम्हीच दिले होते, त्यामुळे त्या चुऱ्याची जबाबदारीही आमचीच होती. त्यानंतर आमच्या घरच्या कोणत्याही कार्यात फोम आलेला नाही.

त्याच्या जागी काय वापरावे याचे उत्तर गोव्यातील प्रत्येक कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळ-केळीच्या बागेत, उभे आहे. केळीला एकदाच घड येतो आणि तो उतरवल्यावर तिचे खोड तोडावेच लागते. या खोडाचे फूट-दीड फुटाचे तुकडे करून आडवे ठेवले, खाली टेकू दिला आणि टोकदार बांबूच्या काडीने आधी भोक पाडून त्यात तिरपा कापलेला देठ बसवला, तर शेवंती, झेंडू, ॲस्टर आणि गुलाब दिवसभर ताजे राहतात, कारण खोडातच मुबलक पाणी असते. भोक न पाडता देठ दाबला तर मऊ देठ मोडतात, म्हणून बांबूची काडी विसरू नये. दुसरी काळजी चिकाची घ्यावी. केळीचा चीक कपड्यावर पडला की त्याचा तपकिरी डाग निघत नाही, आणि नवरीच्या शालूला तो लागला तर घरात वर्षभर तोच विषय राहील. यासाठी तुकडे आदल्या रात्री कापून कापलेली बाजू खाली करून ठेवावेत, चीक निथळू द्यावा आणि मांडताना खाली केळीचे पान पसरावे. काम झाल्यावर हेच तुकडे चिरून माडाच्या आळ्यात टाकता येतात.

उंच रचनेसाठी रुंद तोंडाची कळशी किंवा हंडा घ्यावा आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी गोळा करून त्यात बसवावी. जाळीच्या घरांत देठ अडकतात, पाणी भांड्यात राहते आणि तीच जाळी वर्षानुवर्षे वापरता येते. सजावटकाराला हे सर्व तोंडी सांगून भागत नाही, अंदाजपत्रकातच ‘फोम व थर्मोकोल वापरले जाणार नाही’ असे वाक्य लिहून घ्यावे. सजावटीसाठी थर्मोकोल वापरण्यावर देशभरात 1 जुलै 2022 पासून बंदीच आहे, आणि आमंत्रणपत्रिकेवरचे प्लास्टिकचे वेष्टनही त्याच यादीत येते. फोमचे नाव मात्र त्या यादीत नाही, म्हणून त्याची जबाबदारी यजमानांवर येते.

प्रश्न : मी स्वतः सजावटीच्या व्यवसायात नवा आहे. माझ्याकडे प्लास्टिक-कापडाची कृत्रिम फुले आहेत आणि ती मी अनेक लग्नांत वापरतो. खरी फुले एका दिवसात फेकली जातात, मग माझी फुले अधिक पर्यावरणस्नेही नव्हेत का? (एक तरुण वाचक, म्हापसा)

उत्तर : तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे सरळ उत्तर देते. जी फुले तुमच्याकडे आधीच आहेत ती फेकून देऊ नका. ती धुऊन, सावलीत वाळवून, डब्यांत नीट ठेवून शक्य तितकी वर्षे वापरा, कारण त्यांच्यासाठी लागायचे तेल आणि वीज लागून गेलेली आहे. मात्र नवी विकत घेऊ नका. या फुलांची पाकळी पॉलिएस्टरची, देठ पॉलिथिनचा आणि आत लोखंडी तार असते. ही तिन्ही एकमेकांपासून वेगळी काढणे कुणालाच परवडत नाही, म्हणून ती पुनर्चक्रणासाठी कोणी घेत नाही. गोव्याच्या उन्हात आणि दमट हवेत त्यांचा रंग दोन-तीन मोसमांत उडतो, तार गंजते, आणि मग त्यांचे ओझे कचरा प्रकल्पावर पडते.

खऱ्या फुलांविषयीही एक गोष्ट मान्य करावी लागेल : थायलंडहून विमानाने आलेले आर्किड किंवा थंड पेटीतून बेंगळुरूहून आलेला गुलाब केवळ खरा आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. जवळ पिकलेले, मोसमातले आणि मातीत परत जाणारे फूल हे माझ्या दृष्टीने सर्वांत चांगले. मोसमात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आसपासच्या गावांतील बायका झेंडू, अबोली आणि शेवंती घेऊन बसतात. तुम्ही त्याच गावचे आहात, तेव्हा त्यांच्यापैकी दोघी-तिघींशी लग्नाच्या दोन महिने आधी बोलून ठेवले तर त्या तुमच्यासाठी वाफा राखून ठेवतील. झेंडूला रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुले येऊ लागतात, म्हणून ही बोलणी मुहूर्त ठरताच व्हायला हवीत.

प्रश्न : आईच्या आणि आजीच्या जुन्या साड्या मंचाच्या मागे पडदा म्हणून लावायच्या आहेत. काही विशेष काळजी घ्यावी का? (एक वाचक भगिनी, वास्को)

उत्तर : कल्पना सुंदर आहे. नात्यातील जी माणसे आज मांडवात नाहीत त्यांच्या साड्या मांडवात आल्या की सजावटीला जो अर्थ येतो तो विकत मिळत नाही. साडीला खिळा किंवा टाचणी मारू नये. वरच्या काठातून बांबू ओवावा किंवा कपड्यांना लावतात ते लाकडी चिमटे वापरावेत. दिव्याच्या झोतासमोर जुने रेशीम तासन्‌तास ठेवू नये, कारण उष्णतेने जरीकाम काळवंडते आणि घडीवर कापड फाटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नायलॉन, जॉर्जेट आणि इतर कृत्रिम धाग्याच्या साड्या होमकुंड आणि समया यांच्याजवळ कदापि लावू नयेत. त्या पेट घेतात तेव्हा वितळून अंगाला चिकटतात. त्या बाजूला सुती साडी लावावी आणि तीही चार हात दूर असावी. कुणाकडे लाल-पांढऱ्या चौकटींची जुनी कुणबी साडी असेल तर ती मांडवाच्या प्रवेशाशी लावावी, गोव्याची ओळख तिच्यात आपसूक येते.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात लग्न आहे. उकाड्यात फुले टिकत नाहीत, म्हणून सर्वजण कृत्रिम फुलांचा आग्रह धरत आहेत. काय करावे? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : मे महिन्यात फुलांच्या आधी पानांचा विचार करावा. आंब्याचे टाळे, केळीची पाने, क्रोटन, सुपारीचे घड आणि चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) विणकाम केलेली कमान यांवर मांडवाचा मोठा भाग उभा राहू शकतो आणि ही सर्व सामग्री उन्हाला भीत नाही. आपल्याकडचा जुना माटव असाच होता. पोफळीचे खांब, वर चुडते, दारात केळीची दोन झाडे आणि आंब्याच्या पानांचे तोरण, एवढ्यातच घरचे लग्न लागायचे. कार्य झाले की खांब कुंपणाला जायचे आणि चुडते चुलीला. कोवळ्या पिवळसर चुडतांचा मोह आवरावा, कारण तो कोंब तोडल्याने माडाचे नुकसान होते. विणण्यासाठी खालची पूर्ण वाढलेली चुडते पुरतात.

फुले थोडी, पण योग्य ठिकाणी ठेवावीत : मुंडावळ्या, हार, नवरीची वेणी आणि मंचावरच्या दोन जागा. मे महिना मोगऱ्याचा आहे आणि सोनचाफाही मिळतो. सुरंगीचा बहर तोवर सरलेला असतो, परंतु मार्च-एप्रिलमध्ये तिच्या माळा घेऊन सावलीत वाळवून ठेवल्या तर वाळल्यावरही त्यांचा सुगंध टिकतो, आणि पाहुण्यांच्या स्वागताच्या तबकात त्या ठेवता येतात. वेणीसाठी अबोलीला पर्याय नाही. पाण्याशिवाय दिवसभर ताजे राहणारे असे फूल दुसरे क्वचितच असेल. फोंडा तालुक्यातील देवळांबाहेर बसणाऱ्या फुलकारणी केळीच्या सोपाच्या (खोडाच्या सालीच्या) धाग्यात जी फाती, म्हणजे माळ, गुंफतात ती जवळून पाहावी : चार-चार फुले उलटसुलट धरून धाग्याचा एक वेढा, पुन्हा चार फुले आणि पुन्हा वेढा. सुई नाही, नायलॉन नाही, आणि ओलसर सोपामुळे फूलही ताजे राहते. वाळल्यावर अख्खी फाती जशीच्या तशी झाडाच्या बुंध्याशी ठेवता येते. लग्नाच्या सर्व माळा अशाच करवून घेतल्या तर त्या बायकांना एका दिवसाचे चांगले काम मिळते, आणि ही कला पुढच्या पिढीपर्यंत जाण्यासाठी तिला काम मिळणेच आवश्यक आहे.

फुले आदल्या संध्याकाळी आणावीत. देठाची फुले असतील तर खालची पाने काढून, देठ पाण्याखाली धरून तिरपा कापावा आणि ती रात्रभर स्वच्छ पाण्याच्या बादलीत सावलीला ठेवावीत. जरबेरा मात्र चार बोटे पाण्यातच ठेवावा, अधिक पाण्यात त्याचा देठ कुजतो. मोगऱ्याच्या कळ्या ओल्या सुती फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळाव्यात. झेंडूवर पाणी शिंपडू नये. ओला झेंडू ढिगात रात्रभर राहिला की सकाळी आतून काळा पडलेला सापडतो.

प्रश्न : चवथीला माटोळी बांधतो तशी रानातल्या फळा-फुलांची सजावट लग्नात करावी असा विचार आहे. रानातून सामान आणले तर चालेल का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : माटोळीची रचना अवश्य घ्यावी, परंतु सामान परसातले, कुळागरातले आणि बाजारातले घ्यावे. नारळ, सुपारी, केळी, तोरिंजन, आंब्याचे टाळे एवढ्यावरही देखणी माटोळी होते. काणकोणला लागूनच खोतीगाव अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढून आणणे हा गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरही वेली मुळासकट ओढण्याची सवय वाढली आहे, त्यामुळे चवथीलाच काही वनस्पती शोधाव्या लागतात. वर्षातून एकदा देवासाठी घेतले जाणारे मूठभर लग्नांच्या हौसेसाठी दर आठवड्याला घेऊ लागलो तर चवथीसाठीही उरणार नाही.

प्रश्न : हळदीची सजावट लग्नाला आणि लग्नाची स्वागत समारंभाला वापरावी असे मी सुचवले, तर वापरलेली फुले पुन्हा वापरणे अशुभ असते असे सासूबाईंनी सांगितले. त्यांना काय सांगावे? (एक वाचक भगिनी, मडगाव)

उत्तर : सासूबाईंच्या म्हणण्यात एक योग्य भेद दडलेला आहे, तो आधी मान्य करावा. देवाला वाहिलेले फूल निर्माल्य होते आणि ते पुन्हा वाहत नाहीत. वरमालाही त्या दोघांची, ती दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जाऊ नये. पण प्रवेशद्वाराची कमान, खांबांवरच्या माळा आणि मंचामागची फुले कुणाला वाहिलेली नसतात, ती केवळ शोभेसाठी लावलेली असतात. गणेशपूजन, देवक आणि होम यांसाठी ताजी फुले वेगळी आणून वेगळ्या टोपलीत ठेवावीत आणि ती टोपली सासूबाईंच्याच स्वाधीन करावी. पूजेचे पावित्र्य त्यांच्या देखरेखीखाली राखले जात आहे हे दिसले की उरलेल्या सजावटीविषयी त्यांचा विरोध राहील असे मला वाटत नाही. आमच्याकडे तसेच झाले. फुलांची जागा बदलताना ती उतरवून पुन्हा बांधावी लागू नयेत यासाठी माळा सुट्या न बांधता बांबूच्या हलक्या चौकटींवर बांधाव्यात. दोन माणसे चौकट उचलून दुसऱ्या दालनात नेतात आणि अर्ध्या तासात काम होते. पूजेचे निर्माल्य मात्र प्लास्टिकच्या पिशवीत भरून मांडवी-जुवारीच्या पुलावरून सोडू नये. ते माडाच्या किंवा जास्वंदीच्या मुळाशी मातीत गेले तर त्यात देवाचा अनादर होत नाही.

प्रश्न : मागच्या महिन्यात घरी लग्न झाले. सुमारे चाळीस किलो फुले उरली. खत करण्यासाठी ढीग घातला, परंतु त्याला वास येऊ लागला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. काय चुकले? पुढे धाकट्या भावाचे लग्न आहे. (एक वाचक, साखळी)

उत्तर : तुम्ही ढीग घातलात हे फार चांगले केलेत. चूक एवढीच झाली की त्यात बहुधा फुलेच फुले होती. फुलांत पाणी आणि नत्र भरपूर असते. झेंडूच्या पाकळ्या तर एकमेकींना चिकटून ओल्या गादीसारख्या बसतात, त्यातून हवा खेळत नाही आणि ढीग कुजण्याऐवजी आंबतो. एक घमेले फुलांना दोन ते तीन घमेली सुका पाला, भाताचे काड किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा, असे प्रमाण ठेवावे. थर लावताना मध्ये शेणकाला शिंपडावा, आठवड्यातून एकदा ढीग वर-खाली करावा, आणि मुठीत दाबल्यावर हाताला ओलसरपणा लागावा पण पाणी टपकू नये इतपतच ओल ठेवावी. हिवाळ्यात दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. सध्याच्या ढिगातही आजच सुका पाला मिसळून तो उलटला तर दोन-चार दिवसांत वास जाईल.

खत घालण्यापूर्वी एक विचार करावा. बाहेरगावाहून आलेल्या गुलाब-जरबेरांवर कीटकनाशकांचे फवारे झालेले असतात. त्या फुलांचे खत तांबड्या भाजीच्या वाफ्यात न घालता माडांना आणि फुलझाडांना घालावे.

भावाच्या लग्नात वर्गवारी त्याच रात्री करावी. मांडवाच्या एका कोपऱ्यात दोन गोणपाटे ठेवून एकात सुती दोऱ्याच्या आणि सोपाच्या माळा, दुसऱ्यात तारा, फिती आणि टाचण्या असे सांगणारा एक माणूस तिथे उभा करावा. घरातील पंधरा-सोळा वर्षांचे मूल हे काम फार जबाबदारीने करते. सकाळी सर्व एकत्र ढिगात मिसळल्यावर तारा वेचायला कुणीही बसत नाही.

सगळा झेंडू खतात घालण्याचीही गरज नाही. स्वच्छ राहिलेल्या पाकळ्यांपासून उत्तम पिवळा रंग मिळतो. सुती कापड धुऊन, त्याच्या वजनाच्या साधारण दहा ते पंधरा टक्के तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवावे. कापडाच्या दुप्पट वजनाच्या ताज्या पाकळ्या तासभर मंद आचेवर उकळून पाणी गाळून घ्यावे आणि त्यात ओले कापड घालून पुन्हा मंद आचेवर ठेवावे. कापड सोनेरी पिवळे होते. त्याच पाण्यात लोखंडाचा अंश आला तर रंग हिरवट होतो, म्हणून लोखंडी कढई टाळून स्टीलचे पातेले वापरावे, आणि ते पातेले पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. तुमच्या धाकट्या भावाच्या लग्नात अंतरपाटासाठी असेच एक कापड आताच रंगवून ठेवता येईल, उरलेल्या चाळीस किलोंपैकी काही पाकळ्या अजून वाळलेल्या स्थितीत असल्या तर त्यांचाही रंग उतरतो.